इंग्रजी नाम ओळखावें कसें?

घरांत शाळकरी मुलें असलीं म्हणजे दिवेलागणीनंतर परवचा आटोपतांच इंग्रजीचें पुस्तक बाहेर निघतें. त्यांतील व्याकरणाच्या पहिल्याच पानावर ‘नाऊन’ म्हणजे नाम याची व्याख्या असते. व्यक्ति, स्थळ किंवा वस्तु यांचें नांव तें नाम, अशी ती व्याख्या. लहानपणीं आम्हीं ती पाठ केली. पुढें छत्तीस वर्षें मास्तरकी करितांना शेंकडों मुलांकडून ती घोकून घेतली, आणि निवृत्त झाल्यावर नातीकडूनही घोकून घेऊं लागलों. ती व्याख्या अपुरी आहे, आणि तिच्या भरंवशावर आम्हीं एका मुलाचें नुकसान केलें, हें ध्यानांत येण्यास मात्र आम्हांस चौसष्टावें वर्ष उजाडावें लागलें. ती हकीकत आरंभीं सांगतों, कारण पुढील सारें विवेचन तिच्यांतूनच निघालें आहे.

नात यंदा सहावींत आहे. वाक्यांतील नामांखालीं रेघ ओढावयाची, असा तिचा अभ्यास चालला होता. वाक्य होतें, ‘ग्रँडफादर टुक अ वॉक इन द गार्डन’. तिनें ‘ग्रँडफादर’, ‘वॉक’ आणि ‘गार्डन’ अशा तीन शब्दांखालीं रेघा ओढल्या. आम्हीं म्हटलें, “वॉक म्हणजे चालणें. चालणें ही क्रिया झाली. मधली रेघ खोडून टाक.” पोर निमूटपणें खोडरबर शोधूं लागली. जवळच सूनबाई भाजी निवडीत बसल्या होत्या. त्या मान वर न करितां हळूच म्हणाल्या, “मामंजी, त्याच्या आधीं ‘अ’ आहे ना? आणि वाक्यांतलें क्रियापद तर ‘टुक’ आहे.”

आम्ही निरुत्तर झालों. सूनबाईंचें म्हणणें खरें होतें. इतकेंच नव्हे, तर आमच्या उत्तरांतच आमचा पराभव होता. ‘त्याचें चालणें ऐटीचें आहे’, ‘चालण्यानें प्रकृति सुधारते’ अशीं वाक्यें आपण नित्य बोलतों. त्यांतील ‘चालणें’ यास मराठी व्याकरणांत धातुसाधित नाम म्हणतात, हें आम्हीं स्वतःच वर्षानुवर्षें शिकविलें होतें. मराठीच्या तासाला जें आम्हांस ठाऊक असे, तें इंग्रजीच्या तासाला आम्ही विसरत होतों.

त्या रात्रीं आम्हांस एक जुना विद्यार्थी आठवला. आठवींच्या वर्गांत आम्हीं ‘द बॉय हॅड अ फॉल फ्रॉम द ट्री’ हें वाक्य फळ्यावर लिहून नामें विचारलीं होतीं. त्यानें उठून ‘बॉय’, ‘फॉल’, ‘ट्री’ असें सांगितलें. “पडणें ही वस्तु आहे काय रे?” असें आम्हीं विचारतांच सारा वर्ग हंसला आणि तो खालीं बसला. कांहीं वर्षांपूर्वीं एका लग्नांत तो भेटला. आतां त्याचा स्वतःचा व्यवसाय आहे. वांकून नमस्कार करून तो हंसत हंसत म्हणाला, “गुरुजी, त्या फॉलनंतर मी इंग्रजीच्या तासाला पुन्हा हात वर केला नाहीं.” तेव्हां आम्हीही हंसलों, कारण चूक त्याची होती अशीच आमची समजूत होती.

असो. आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. नाम ओळखावें कसें?

व्यक्ति, स्थळ, वस्तु यांचें नांव तें नाम, या व्याख्येनें ‘बॉय’, ‘पूना’ व ‘टेबल’ हीं नामें बिनचूक ओळखतां येतात. परंतु ‘ॲब्सेन्स’ म्हणजे गैरहजेरी ही कोणती वस्तु? जें नाहीं त्यालाच हें नांव दिलें आहे. ‘अरायव्हल’ म्हणजे आगमन ही उघड क्रिया आहे, तरी शब्द नामच आहे. ‘ऑनेस्टी’ दाखवा म्हटलें तर बोट कोठें करावें? अशा अडचणी येतात म्हणून ग्रंथकार व्याख्येंत गुण, अवस्था, कल्पना, क्रिया यांची भर घालीत जातात. शेवटीं ती इतकी फुगते कीं तींत क्रियापदही सहज मावेल.

ही व्याख्या मूळची अशी लंगडी नव्हती. चौथ्या शतकांतील रोमन वैयाकरण दोनातुस यानें नामाचें लक्षण बांधतांना विभक्ति आधीं सांगितली आणि अर्थ मागाहून सांगितला. लॅटिन नामास विभक्तीचे प्रत्यय लागत, तेव्हां नाम त्याच्या रूपावरून ओळखतां येई. पुढें ती व्याख्या इंग्रजी पुस्तकांत आली. इंग्रजी नामाच्या विभक्त्या तोंवर जवळजवळ नाहींशा झाल्या होत्या. त्यामुळें व्याख्येंतील रूपाचा भाग गळला व अर्थाचा तेवढा उरला. पाश्चात्त्य व्याकरणाची मांडणी डोळ्यांपुढें ठेवून दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ मध्यें आपलें मराठी व्याकरण प्रसिद्ध केलें, आणि त्या वळणाचीं व्याकरणें आपल्याकडे रूढ झालीं. अशा रीतीनें दोन्ही भाषांच्या तासांना आपण अर्थावरूनच नाम शोधूं लागलों.

आपल्या पूर्वजांनीं या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं केला होता. यास्कानें निरुक्तांत शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार वर्ग केले, आणि नामांत सत्त्व म्हणजे सिद्ध पदार्थ प्रधान असतो व आख्यातांत भाव म्हणजे घडण्याची क्रिया प्रधान असते, असा भेद सांगितला. ही अर्थाची वाट झाली. तथापि तींतही सूक्ष्म दृष्टि आहे, कारण तीच क्रिया संपून वस्तूप्रमाणें उभी राहिली कीं तिचें नाम होतें, हें यास्क मानतो. पाणिनीनें तर निराळीच वाट धरली. त्याच्या मतें पदें दोनच प्रकारचीं. ज्याच्या अंतीं सुप् प्रत्यय तें एक, आणि ज्याच्या अंतीं तिङ् प्रत्यय तें दुसरें. सात विभक्त्या आणि तीन वचनें मिळून सुप् प्रत्यय एकवीस होतात. शब्द मनुष्याचा वाचक आहे कीं दगडाचा, कीं नुसत्या अभावाचा, याची पाणिनि येथें चौकशी करीत नाहीं. शब्द काय धारण करितो, एवढेंच पाहतो.

इंग्रजी नामाच्या बाबतींत हीच दृष्टि ठेविली पाहिजे. मात्र इंग्रजीचे प्रत्यय झडून गेलेले असल्यामुळें शब्दाच्या शेवटाकडे पाहून भागत नाहीं, त्याच्या शेजाराकडे पाहावें लागतें. ही स्थिति कशी आली, तें थोडक्यांत सांगतों.

आज ज्या इंग्रजीस लिंगाचा त्रास नाहीं म्हणून आपण तिचा हेवा करितों, ती एके काळीं अशी नव्हती. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, त्यापूर्वींच्या जुन्या इंग्रजींत मराठीप्रमाणें तीन लिंगें होतीं आणि नामांस विभक्तीचे प्रत्यय लागत. सूर्यवाचक शब्द स्त्रीलिंगी होता व चंद्रवाचक पुल्लिंगी होता. स्त्री या अर्थाचा ‘वीफ’ हा शब्द नपुंसकलिंगी होता, आणि त्याचाच आज ‘वाइफ’ झाला आहे. हें वाचून हंसूं नये. संस्कृतांत ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘कलत्र’ नपुंसकलिंगी, आणि ‘दार’ हा शब्द पुल्लिंगी असून नेहमीं बहुवचनांत चालतो, तरी तिन्ही शब्दांचा अर्थ पत्नी हाच आहे. लिंग शब्दाचें असतें, वस्तूचें नसतें, हा धडा दोन्ही भाषा देतात. पुढें कांहीं शतकांत इंग्रजीचे बहुतेक प्रत्यय झिजून गेले. आज नामापाशीं दोनच खुणा राहिल्या आहेत, अनेकवचनाचा ‘एस्’ आणि षष्ठीचा ‘एस्’.

प्रत्यय गेले तेव्हां त्यांचें काम शब्दांच्या स्थानावर पडलें. ‘राम रावणास मारितो’ हें वाक्य ‘रावणास राम मारितो’ असें उलटें केलें तरी मराठींत मरणारा रावणच राहतो, कारण ‘स’ हा प्रत्यय त्याला चिकटलेला आहे. इंग्रजींत ‘रामा किल्स रावणा’ हें वाक्य उलटें केलें तर अनर्थ होईल. तेथें क्रियापदाच्या आधींचें नाम तो कर्ता व नंतरचें नाम तें कर्म. आपण वस्त्रांवरून माणूस ओळखतों, तसें इंग्रजींत पंगतींतील पाटावरून ओळखावें लागतें.

म्हणून मुलांस पुढील तीन कसोट्या शिकवाव्या.

पहिली कसोटी. शब्दाच्या आधीं ‘अ’, ‘ॲन’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ अशांपैकीं एखादा शब्द आहे काय, किंवा ठेवतां येतो काय? ‘अ वॉक’, ‘द वॉक’, ‘माय वॉक’ हीं सारीं चालतात. मध्यें विशेषण आलें तरी हरकत नाहीं. ‘अ लाँग वॉक’ यांत ‘अ’ हा ‘लाँग’चा सोबती नसून ‘वॉक’चा आहे.

दुसरी कसोटी. शब्दाचें अनेकवचन होतें काय? ‘टू वॉक्स’ असें म्हणतां येतें. येथें एक सावधगिरी बाळगावी. ‘ही वॉक्स’ यांतही ‘एस्’ आहे, परंतु तो क्रियापदाचा प्रत्यय आहे आणि एकवचनाचा आहे. ‘एस्’ दिसला कीं नाम, असें समजणारीं मुलें येथें फसतात.

तिसरी कसोटी. वाक्यांत शब्द कोणतें काम करितो? क्रियापदापूर्वीं कर्ता म्हणून, क्रियापदानंतर कर्म म्हणून, अथवा ‘इन’, ‘ऑन’, ‘फ्रॉम’, ‘फॉर’ अशा शब्दांच्या पाठीमागें तो उभा आहे काय?

एकच कसोटी कधीं कधीं दगा देते. ‘द पुअर’ म्हणजे गरीब लोक, यांत ‘पुअर’च्या आधीं ‘द’ आहे, पण शब्द मूळचा विशेषण आहे व त्यास अनेकवचनाचा ‘एस्’ लागत नाहीं. कांहीं नामांस अनेकवचनच नसतें, तें पुढें पाहूं. दोन कसोट्या जुळल्या तर मात्र बहुधा चूक होत नाहीं. आतां ‘हॅड अ फॉल’ हें पाहा. ‘फॉल’च्या आधीं ‘अ’ आहे, आणि तो ‘हॅड’चें कर्म आहे. त्या मुलाचें उत्तर बरोबर होतें.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे एकच इंग्रजी शब्द आज नाम आणि उद्यां क्रियापद कसा होतो, याचें कोडें उरत नाहीं. ‘बुक’ म्हणजे पुस्तक, आणि तिकीट ‘बुक’ करणें हें तर आपल्या घरांतील आजीबाईही बोलतात. ‘वॉटर’ म्हणजे पाणी, आणि ‘वॉटर द प्लँट्स’ म्हणजे झाडांना पाणी घाला. कांहीं जोड्यांत मात्र उच्चार बदलतो. ‘रेकॉर्ड’, ‘प्रेझेंट’, ‘ऑब्जेक्ट’ हे शब्द नाम असतां आघात पहिल्या अवयवावर येतो व क्रियापद असतां दुसऱ्यावर येतो. ‘ॲडव्हाइस’ हें नाम, आणि शेवटीं ‘झ’ उच्चारिला कीं तेंच क्रियापद. मुलांकडून अशा जोड्या मोठ्यानें म्हणवून घ्याव्या. कानाला जें लागतें, तें डोळ्यांपेक्षां अधिक टिकतें.

आतां मोजण्याच्या प्रश्नाकडे येऊं. आपल्या लोकांच्या इंग्रजींत सर्वांत अधिक चुका येथेंच होतात. शाळेंतील पुस्तकांत नामांचे विशेषनाम, सामान्यनाम, समुदायवाचक, पदार्थवाचक व भाववाचक असे पांच प्रकार देतात. ते ठाऊक असावे. परंतु व्यवहारांत अधिक उपयोगी भेद दुसराच आहे. जें नाम मोजतां येतें तें एक, व जें मोजतां येत नाहीं तें दुसरें. डेन्मार्कचे प्रसिद्ध इंग्रजी-वैयाकरण ओटो येस्पर्सेन (१८६०–१९४३) यांनीं हा भेद विस्तारानें मांडला, आणि आजचीं मोठीं इंग्रजी व्याकरणें त्यास प्रमुख स्थान देतात.

‘इन्फर्मेशन्स’, ‘फर्निचर्स’, ‘लगेजेस’ असें लिहिणाऱ्या मुलास आम्ही पूर्वीं नियम पाठ करावयास सांगत असूं. आतां आम्ही त्यास विचारतों, “बाळ, तूं ‘माहित्या’ म्हणतोस काय? ‘सामानें’ म्हणतोस काय?” माहिती कितीही असो, ती माहितीच राहते. सामान गाडीभर असलें तरी ‘सामान आलें’ असेंच आपण म्हणतों. इंग्रजींतील ‘इन्फर्मेशन’ म्हणजे आपली माहिती, आणि ‘लगेज’ व ‘फर्निचर’ म्हणजे आपलें सामान. किल्ली मुलाच्या खिशांतच असते, ती कोणी दाखवावी एवढेंच.

परंतु सर्व ठिकाणीं ही किल्ली लागत नाहीं, आणि तेथें स्वयंपाकघरांतील उदाहरणें फार उपयोगी पडतात. आपण ‘तांदूळ निवडले’, ‘गहू वाळविले’ असें अनेकवचनांत बोलतों. इंग्रजींत ‘राइस’ व ‘व्हीट’ हीं कायमचीं एकवचनी आहेत, आणि ‘ओट्स’ हें धान्य मात्र अनेकवचनी आहे. वाटाण्याची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. जुन्या काळीं इंग्रजींत त्यास ‘पीज’ हा एकवचनी शब्द होता. त्याच्या अंतींचा ध्वनि अनेकवचनाचा समजून लोकांनीं तो काढून टाकला आणि ‘पी’ असें नवें एकवचन तयार केलें. एका चुकीच्या समजुतीनें वाटाणा मोजतां येऊं लागला!

‘माझे केस पांढरे झाले’ हें अनेकवचन. इंग्रजींत डोक्यावरील सारे केस मिळून ‘हेअर’ एकवचनी, म्हणून ‘माय हेअर इज ग्रे’. पण भातांत एक केस सांपडला तर तो ‘अ हेअर’. आपला चष्मा एकवचनी, त्यांचे ‘स्पेक्टॅकल्स’ अनेकवचनी. आपल्या बातम्या अनेक, त्यांचें ‘न्यूज’ शेवटीं ‘एस्’ असूनही एकवचनी. संस्कृत जाणणारांस यांत नवल वाटूं नये. संस्कृतांत पाणी या अर्थाचा ‘अप्’ शब्द नित्य बहुवचनी आहे, तेंच पाणी मराठींत एकवचनी, आणि इंग्रजींत न मोजण्याच्या वर्गांत. पाणी तेंच आहे. मोजणारी भाषा निराळी आहे.

जें मोजतां येत नाहीं तें मापानें मोजावें. आपण ‘एक पेला पाणी’, ‘भाताची एक मूद’ म्हणतों, त्याप्रमाणें इंग्रजींत ‘अ ग्लास ऑफ वॉटर’, ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावें.

एकत्र कुटुंबांतील वाचकांसाठीं आणखी एक शब्द सांगतों. ‘फॅमिली’ हें समुदायवाचक नाम आहे. इंग्लंडांत तें एकजिनसी मानून एकवचनी क्रियापद लावितात, आणि घरांतील माणसें निरनिराळीं मनांत असतील तर अनेकवचनीही लावितात. अमेरिकेंत बहुधा एकवचनच चालतें. घर एक कीं माणसें अनेक, हा वाद आपल्याकडेही व्याकरणापुरताच राहो म्हणजे झालें.

शेवटीं विशेषनाम. देवनागरींत लहानमोठीं अक्षरें नसल्यामुळें आपलीं मुलें येथें चुकतात. इंग्रजींत विशेषनामाचें पहिलें अक्षर मोठें काढावें लागतें. वार व महिने त्यांत येतात, पण ‘समर’, ‘विंटर’ हे ऋतु येत नाहींत. नदीच्या नांवापूर्वीं ‘द’ येतो व शहराच्या नांवापूर्वीं बहुधा येत नाहीं, म्हणून कृष्णेला ‘द’ लावावा, वाईला लावूं नये.

घरोघरच्या आईबापांस व आजोबांस आमची विनंति एवढीच आहे. मुलानें एखाद्या शब्दास नाम म्हटलें तर त्याचा अर्थ काय हें आधीं विचारूं नका. त्याच्या आधीं कोण बसलें आहे, आणि तो वाक्यांत काय काम करितो, हें विचारा. आणि उत्तर आपल्या अपेक्षेहून निराळें आलें, तर हंसण्यापूर्वीं वाक्य पुन्हा एकदां वाचा. आम्हीं तें वाचलें नव्हतें.

सूनबाईंनीं दाखविल्यावर दुसऱ्याच दिवशीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास पत्र लिहिलें. “तुझें उत्तर बरोबर होतें, चूक आमची होती. वर्ग तुला हंसला, तो वास्तविक आम्हांस हंसावयास हवा होता,” एवढाच मजकूर होता. आठ दिवसांनीं उत्तर आलें. त्यानें नमस्कार लिहून पुढें लिहिलें होतें, “गुरुजी, चुकीचें सोडा. माझा मुलगा यंदा आठवींत आहे. त्याला नाम कसें शिकवूं, तेवढें सविस्तर कळवा.”

हा लेख म्हणजे त्या पत्राचें उत्तर आहे. इतर घरांतही तो उपयोगी पडला, तर आम्हांस समाधान वाटेल.